मुंजाजी किंग नव्व्याण्णव

दर सोमवारी मस्टरवर सही झाली
की मी कॉलेजचा मेल उघडते.
प्राचार्यांचा तोंडी आदेश आहे: चापके मॅडम,
ते स्पॅम का काय, रिकामं करत जा, जागा भरायलीय.

भरते खरी.
लंडनला माझ्यासाठी मेलेला एखादा काका निघतो,
कुणी टकलावर औषध देतं, कुणी बिनव्याजी कर्ज,
एक बाई तर तीन वर्षं झाली, न चुकता
मला 'प्रिय' म्हणते.
घरात कुणी म्हणत नाही. तरी पुसते तिला.

मागच्या सोमवारी त्या ढिगात
'अर्जंट मॅडम अर्जंट!!!'
पाठवणारा: मुंजाजी किंग नव्व्याण्णव.
वर राखाडी पट्टीत मशीनचा शेरा,
अशा मजकुराचे बरेच मेल याआधी फसवे निघालेत.

मजकूर असा होता:
मॅडम मी मुंजाजी कऱ्हाळे, कुरुंद्याचा,
बीएस्सी, रोल नंबर एकशे बारा, तुम्ही वळखता.
चाकणला लॅबमधी काम लागायलंय.
टीसीची दुसरी प्रत चौदा तारखेच्या आत पाहिजे.
कृपया कृपया मॅडम, लई उपकार होतील,
देव तुमचं भलं करो.

त्या दिवशी तारीख होती एकोणीस.

मशीनचं चुकलं असंही म्हणवत नाही.
उपकार, कृपया, देव, तारखेच्या आत...
लंडनचा काकाही ह्याच शब्दांत येतो.
गरजवंताकडे वेगळे शब्द असतात थोडेच,
ठगानं ते त्याच्याकडूनच तर उचलले.

उलट फेब्रुवारीत एक मेल आला होता,
शुद्ध, सभ्य, एक वेलांटी चुकलेली नाही:
'आपल्या संस्थेची राष्ट्रीय गुणवत्ता सन्मानासाठी निवड.
नोंदणी शुल्क फक्त अठरा हजार.'
तो नीट इनबॉक्सात उतरला. सरांनी त्याला पिवळी चांदणी लावली.
सन्मान आता केबिनमध्ये आहे, काचेत.
शाल खाजाभाईनं घडी घालून कपाटात ठेवली.
चेक मीच लिहिला होता.

लहानपणी वडलांसोबत वसमतच्या मोंढ्यात जायची मी.
खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा,
तळचं एक हळकुंड काढून
कट्कन मोडायचा.
वरून सगळी सारखीच, पॉलिश मारलेली.
मोडल्याबिगर भाव बोलत नसे कुणी.
इथं सूचना अशी की अनोळखी असेल तर उघडूच नका.

मी 'स्पॅम नाही' दाबलं.

रजिस्टर काढलं, प्रत लिहिली, शिक्का मारला,
त्याचा नंबर शोधून ऑफिसच्या फोनवरून लावला.
वाजला, कटला. पुन्हा लावला, कटला.
तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला,
"लोन नको मला," आणि फोन बंद.

खाजाभाई हसला. म्हणाला, मॅडम,
फीसाठी पोरांना इतके फोन केले आपण
की आपला नंबर आता लोकांच्या मोबाइलवर लाल येतो.
त्यानं स्वतःचाच काढून दाखवला:
लाल पट्टीत आमचं कॉलेज,
खाली, एकशे चाळीस जणांची तक्रार.
त्यातली एक बहुतेक त्याची असावी.
मी विचारलं नाही.

प्रत पाकिटात घालून रजिस्टरी केली,
कुरुंद्याला, त्याच्या वडलांच्या नावानं.
पोहोच अजून आली नाही.

आज पुन्हा सोमवार. आणि वर, चांगल्या इनबॉक्सात,
अर्जंट मॅडम, कृपया मॅडम, देव भलं करो,
असे अकरा आलेत.
'प्रिय'वालीही आहे त्यात.
सर विचारतील हे काय करून ठेवलं.
मी दार थोडं लोटून घेते
आणि पहिलं मोडते.